हातातला टेकू

वेलेत-सेनबेत यरुशलेमला पोचली तेव्हा अकरा वर्षांची होती. प्रभूच्या कबरीच्या मोठ्या देवळासमोर उभं राहून तिने मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच?"

बरोबरच्या यात्रेकरू बायकांनी शाली तोंडावर ओढल्या. पाच महिने वाट तुडवून, जहाजात ओकाऱ्या काढून इथवर यायचं आणि हे ऐकायचं! जथ्यातले साधू अब्बा झेराब्रुक तेवढे हसले. पोरीचं चुकलं तरी काय? ती आमच्या हबशी मुलखातली, लास्ताच्या डोंगरातली. तिच्या गावाजवळ आमच्या एका जुन्या राजाने अख्खं यरुशलेम खडकात कोरून ठेवलं आहे. तिथे यार्देन नदी आहे, प्रभूला क्रूसावर दिलं ती गुलगुथा टेकडी आहे, कबरसुद्धा आहे. देवळाच्या भिंती, खांब, छत सगळं एकाच दगडातलं. त्या छताला तडा जात नाही, कारण ते कोणी वर चढवलेलंच नाही. आणि त्यावर हक्क सांगायला शेजारी-पाजारी कोणी नाही.

तिच्या घरातली सहा माणसं एका वर्षात गेली होती. आधी गुरं मेली, मग शेतं पडीक राहिली, मग माणसं मेली. वाटेच्या कडेला ती एकटी बसली होती तेव्हा यात्रेचा जथा तिथून चालला होता. जथ्यातल्या एका साधूने पाण्याचा भोपळा तिच्या हातात दिला. "हा धर पोरी, सोडू नकोस. प्रभूच्या कबरीपर्यंत पोचवायचाय." ते अब्बा झेराब्रुक. तिने तो भोपळा मस्सावाच्या बंदरात सोडला नाही, जहाजात सोडला नाही, यरुशलेमच्या वेशीवर एका माणसाने ओढला तर त्याला चावली, पण सोडला नाही. पुढे बाविसाव्या वर्षी तिने जोगिणीची पिवळी टोपी घातली आणि लोक तिला मानाने एमाहोय म्हणायला लागले. अब्बा मात्र शेवटपर्यंत "पोरी" म्हणाले.

आमची माणसं त्या मोठ्या देवळात राहत नाहीत, देवळाच्या छतावर राहतात. कधीकाळी आत जागा होती म्हणतात. मग राजे बदलले, रोगाच्या साथी आल्या, कागद जळाले, आणि एकेक पायरी मागे सरत आम्ही छतावर आलो. यापुढे सरकायला फक्त आभाळ आहे. वर मातीच्या बुटक्या खोल्या, मधे अंगण, एक लहानसं प्रार्थनाघर आणि शेजारी भिंतीपलीकडे मिसरी, म्हणजे मिसर देशाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. ते म्हणतात छत त्यांचं, आम्ही म्हणतो आमचं. दोघांच्याही बोलण्यात खोट नाही, हीच तर गोम आहे.

या शहरात मालकी कशी ठरते ते ऐका. जो झाडतो त्याची पायरी. जो गिलावा करतो त्याची भिंत. जो दुरुस्त करतो त्याचं छत. म्हणून इथे कोणी कोणाला काही दुरुस्त करू देत नाही. एका खिळ्यावरून एकदा सात डोकी फुटली होती, आणि तो खिळा अजून तसाच अर्धा बाहेर आहे. रिकाम्या खोलीचं तर विचारूच नका. सकाळी रिकामी दिसली की संध्याकाळी तिला दुसऱ्याचं कुलूप.

अब्बांची खोली पूर्वेकडची, शेवटची. तिच्यातूनच खाली देवळाच्या अंगणात उतरायचा जिना. सरकारी वहीत चाळीसेक वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं की या खोलीत अब्बा झेराब्रुक राहतात. ते तिथे झोपतात तोवर खोली आमची. बकरीच्या कातड्यावर स्तोत्रं लिहिता लिहिता त्यांचे डोळे गेले, मग गुडघे गेले, पण पथारी हलली नाही. वेलेत-सेनबेत त्यांना पाणी देई, इंजेरा, म्हणजे आमची जाळीदार आंबोळी, कालवणात बुडवून भरवी, दाढी विंचरी आणि संध्याकाळी स्तोत्रं म्हणून दाखवी. एक ओळ चुकली की म्हातारा डोळे मिटूनच म्हणे, "परत."

त्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी धरणी हलली. मोठ्या घुमटाला भेगा पडल्या, गावात शेकडो घरं बसली. अब्बांच्या खोलीचा मधला वासा तडकला. त्यावर दगडी फरशा, त्यावर हातभर माती-चुना. वासा खाली वाकला आणि तसाच राहिला.

वेलेत-सेनबेत धावत मठपतींकडे गेली. त्यांना आम्ही मम्हेर म्हणतो, म्हणजे गुरुजी. "मम्हेर, अब्बांना माझ्या खोलीत हलवते."

"हलव. आणि तिथे कोण झोपेल?"

"मी झोपते."

"वहीत तुझं नाव आहे का? अब्बा हलले की नोंद मेली. मग खोली कोणाची, हा खटला पुन्हा पहिल्यापासून. तोवर जिन्याला कुलूप. जिना गेला की आपण नऊ माणसं या छतावर अडकलेली माकडं!"

"मग छत दुरुस्त करा."

"करतो. पहिली थापी मारली की पलीकडून काठ्या घेऊन येतील. आपल्यातल्या कोणाचं डोकं द्यायचं ते तूच सांग."

सरकार तेव्हा इंग्रजांचं. कचेरीतून एक तरुण साहेब दुभाष्याला घेऊन आला, वाकून आत शिरला, वाशाकडे बघून झटकन बाहेर आला. दुरुस्ती सरकार स्वतः करील, म्हणाला. वेलेत-सेनबेतने त्याच्या बुटाला हात लावून नमस्कार केला. पण सरकारचं काम कागदावर चालतं, आणि कागदात लिहावं लागतं की दुरुस्ती कोणाच्या विनंतीवरून झाली. ज्याची विनंती तो मालक! आमचा अर्ज गेला. पलीकडच्यांचा गेला. एकाने दुसऱ्यावर हरकत घेतली, दुसऱ्याने पहिल्यावर. भादरलेल्या डोक्याचा तो बिचारा साहेब दोन्ही अर्ज टेबलावर ठेवून बसला, आणि पावसाळा जवळ आला.

शेवटी तिने कोणाला विचारलं नाही. दमास्कस वेशीजवळच्या सुताराकडून ऑलिव्हची एक जुनी तुळई मागून आणली, पाठीवर घेऊन जिने चढली आणि वाशाखाली उभी ठोकून दिली. वासा कुरकुरला आणि टेकला. त्या दुपारी ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी दारात बिशाय उभा. हा मिसरी मठातला साधू, अबूना बिशाय, साठीला आलेला, ढेरपोट्या. आमच्या खोल्यांवर नजर ठेवणं हे त्याचं वीस वर्षांचं काम. दर शुक्रवारी तो वाटीभर डाळ आणून देई आणि बदल्यात इंजेरा नेई, वर नावं ठेवी, की तुमचं हे भोकाभोकाचं फडकं जेवायचं की अंग पुसायचं?

"एमाहोय, हे काय?"

"टेकू आहे, अबूना. अब्बांचे डोळे गेलेत, तुमचेही गेले का?"

"गेले असते तर बरं झालं असतं. आता वर सांगावं लागेल."

"नाही सांगितलं तर?"

"तर माझ्या जागी दुसरा आणतील. तो आधी सांगेल आणि डाळही देणार नाही."

साहेब पुन्हा आला. टेकू काढा, म्हणाला. जसं होतं तसं.

वेलेत-सेनबेतने त्याचे पाय धरले. "साहेब, म्हातारा माणूस आहे. मरेल हो! लाकूड आहे नुसतं. मी उन्हाळ्यात स्वतः काढीन. लिहून घ्या माझ्याकडून, अंगठा घ्या!" दुभाष्याने अर्धंच सांगितलं असावं, पण साहेबाला सगळं कळलं. त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, जमिनीला आणि छताला टेकून जे आपलं आपण उभं राहतं ते बांधकाम, आणि बांधकामाला परवानगी नाही. मग जाता जाता दाराशी थांबला आणि भिंतीकडे बघत बोलला, माणसाच्या हातात जे असतं ते मात्र सामान. सामानावर कायदा नाही.

मम्हेर डोकं खाजवत राहिले. तिच्या मात्र लगेच ध्यानात आलं. तिने टेकू काढला, साहेबाला दाखवला, पुन्हा त्याच जागी लावला आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

तेव्हापासून तो हात काढायचा नाही असं झालं. बिशाय दिवसातून चार वेळा डोकावे.

"हात आहे?"

"आहे."

"बरं." आणि जाऊन लिहून येई.

हसू येतं ना? मलाही येतं. आम्ही नऊ जण. सहा जण तापाने झोपलेले. मम्हेर एक पाळी धरत, पण त्यांचा हात थरथरे आणि वरून माती गळे. उरलेला सगळा वेळ ती. बसून धरी, उभ्याने धरी, एका हाताने अब्बांना भरवी आणि दुसऱ्याने लाकूड सांभाळी. पाऊस सुरू झाला, सलग सहा दिवस पडला. माती पाणी पिऊन जड झाली. वाशाची चीर बोटभर रुंदावली. डुलकी लागून हात सुटेल म्हणून तिने एक फडकं मनगटाला आणि लाकडाला मिळून बांधलं.

बिशायने ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "बांधलेला हात चालतो का, आता हे विचारू मी?"

"विचारा ना. माझा हात तोडून लाकडाला खिळला तर चालतो का, तेही विचारून या."

तो निघून गेला. त्याने विचारलं नाही, एवढं मला माहीत आहे.

तिला आतून कळत होतं की हे टिकणार नाही. देवाला ती रागाने विचारी, की तुझी कबर तर रिकामी आहे ना रे, तू उठून गेलास ना, मग आम्ही कशाला इथे दगड धरून मरतोय? आणि विचारून झाल्यावर घाबरून क्रूसाची खूण करी, तीही डाव्या हाताने, कारण उजवा अडकलेला.

सातव्या दिवशी सियोनच्या मरियेचा सण आला. पाऊस थांबला, ऊन पडलं. जे चालू शकत होते ते सगळे प्रार्थनाघरात गेले. ढोल सुरू झाले. अब्बा पथारीवर उठून बसले आणि बोटांनी मांडीवर ताल धरू लागले.

"पोरी, ते लाकूड माझ्याकडे दे आणि जा. सणाची भाकर घेऊन ये."

"कोणीतरी आणेल नंतर."

"कोणीतरी नको. सदतीस वर्षं तुझ्या हातची खाल्ली ती भाकर."

"तुम्हाला उभं राहवत नाही, अब्बा."

"बसून धरीन. कायद्यात उभं राहायचं लिहिलंय का? विचार त्या तुझ्या बिशायला."

"लिहिलेलं नाही," दाराबाहेरून बिशायचा आवाज आला. तो उन्हाला बसला होता.

"बघ. शत्रूसुद्धा माझ्या बाजूने आहे." म्हातारा हसला. दात नव्हतेच. "भोपळा आठवतो का तुला?"

"आठवतो."

"तेव्हा धर म्हटलं तर धरलास. आता सोड म्हणतोय तर ऐकत नाहीस. अशी कशी गं तू?"

तिने वर पाहिलं. वासा गप्प होता. सहा दिवसांनी खोलीत उजेड आला होता आणि अब्बांचा चेहरा लहान मुलासारखा आतुर झाला होता. तिने फडकं सोडलं, त्यांचा हात लाकडावर ठेवून दिला, बोटं एकेक करून दाबून बसवली. "हलू नका. आलेच मी."

"पळ."

प्रार्थनाघरात भाकर तिच्या ओंजळीत पडली आणि तो आवाज झाला. फार मोठा नाही, जड पोतं पडल्यासारखा. ढोल थांबले. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

ती पोचली तेव्हा धुरळ्यात बिशाय होता. त्याने बाह्या सारल्या होत्या आणि तो नुसत्या हातांनी दगड उपसत होता. बोटांतून रक्त येत होतं. भिंतीवरून त्याचे सोबती ओरडत होते, "हात लावू नकोस! ते आपण पाडलं म्हणतील!" आणि प्रार्थनाघराकडून, हे सांगायला मला लाज वाटते, आमचे मम्हेर ओरडत होते, "त्याला हात लावू देऊ नका! दगड उचलला की खोली त्याची!"

"लावू दे!" वेलेत-सेनबेत किंचाळली. "सगळे उचलू दे! घेऊन जा खोली, चुलीत घाला!" आणि ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. अब्बा गेले होते. तिचं फडकं त्यांनी आपल्या मनगटाला आणि लाकडाला गुंडाळून घेतलं होतं, चाचपडत, दातांशिवाय गाठ ओढून. हात अजून लाकडावर होता. सुटावं म्हटलं असतं तरी सुटता आलं नसतं. ते फडकं तिने सोडलं आणि तिथेच कपाळ जमिनीवर आपटून घेतलं. बिशायने तिचं डोकं धरलं म्हणून थांबली.

दुपारी साहेब आला, टोपी काढून उभा राहिला. प्रेतावरचे दगड उचलले ते ठीक, बाकीचे जिथे पडलेत तिथे राहतील, म्हणाला. वही घेऊन तो उद्या सकाळी येणार होता. त्या वेळी खोलीत जो असेल आणि तोवर जो सतत असेल त्याचं नाव लागेल. खोली रिकामी आढळली तर दोन्ही बाजूंचा हक्क स्थगित आणि जिन्याला सरकारी कुलूप.

दफन त्याच दिवशी, सियोन टेकडीखालच्या आमच्या दफनभूमीत. मम्हेर तिच्याजवळ आले. ते रडत होते, खोटं कशाला बोलू. "एमाहोय, तू इथे बस."

"मी? मला अब्बांना माती द्यायचीय."

"ताप उतरलेले तिघे आणि मी, खांदा द्यायला लागतील तेवढेच चालते आहोत. बाकीच्या तापकऱ्यांना इथे आणून बसवलं तर रात्रीतून दुसरं प्रेत. तूच सांग, कोणाला बसवू?"

"कोणालाच नको. जाऊ दे ती खोली!"

"जाऊ देऊ?" मम्हेर हळूच म्हणाले. "तू म्हणतेस तर देतो. पण मग अब्बांनी हात का नाही काढला, ते मला सांग."

असलं बोलणं कोणी कोणाशी करू नये. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मम्हेरांनी मान खाली घातली. मग ती उठली, आपल्या खोलीतून चटई आणली, ढिगाऱ्यातला एक दगडही न हलवता त्याला वळसा घालून आत गेली आणि अब्बांच्या पथारीच्या जागी बसली. वर छत नव्हतं. आता धरायला काहीच नव्हतं.

अब्बांना पांढऱ्या कापडात गुंडाळून तिच्यासमोरूनच जिन्याने खाली नेलं. जिना या खोलीतूनच जातो ना! तिने बसल्या जागेवरून हात लांब केला, पण कापडाचं टोकसुद्धा हाताला लागलं नाही. सणाची भाकर अजून तिच्या पदरात होती. ढोल जिना उतरला, अंगण ओलांडून गल्लीत शिरला.

उंबऱ्याबाहेर बिशाय येऊन बसला. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"अबूना," ती म्हणाली, "तुम्हाला जाता येईल. धावत गेलात तर गाठाल. माझ्या नावाने मूठभर माती टाका."

त्याने गल्लीकडे पाहिलं.

"मला इथे बसायला सांगितलंय, माय. उद्या सकाळपर्यंत. तू उठतेस का ते बघायला."

"आणि उठले तर?"

"उठू नकोस," तो म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, उठू नकोस. मला सांगावं लागेल."

तिने भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक उंबऱ्यावर ठेवला. त्याने उचलला, पण खाल्ला नाही, हातातच धरून बसला. ढोल आता इतका लांब गेला होता की मधेच ऐकू येई, मधेच नाही. पाऊस पुन्हा सुरू झाला तरी दोघांपैकी कोणी जागचं हललं नाही.